लॅटिनमधले लघुत्वदर्शक प्रत्यय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनस्पतिशास्त्र किंवा नर्सिंग शिकणारी मुलं, भाषांतर करणारी मंडळी आणि काही निव्वळ शब्दवेडे यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो. लॅटिन शब्द अभिजात काळातल्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. इंग्रजीतला 'स' इथे बऱ्याचदा 'क' झालेला दिसेल, त्याचं कारण हेच.

लघुत्वदर्शक प्रत्यय म्हणजे नेमकं काय?

समोरच्याच्या डोळ्यांत अगदी जवळून पाहा. मधल्या काळ्या गोलात तुमचीच इवलीशी आकृती दिसते. म्हणून मराठीत त्या जागेला बाहुली म्हणतात. रोमन लोकांनाही तिथे हेच दिसलं होतं. 'पूपा' म्हणजे मुलगी किंवा बाहुली. तिला प्रत्यय लावून 'पूपिल्ला' केलं, म्हणजे इटुकली बाहुली, आणि तेच डोळ्यातल्या बाहुलीचं नाव झालं. इंग्रजीतला 'प्यूपिल' तिथूनच आला. संस्कृतातल्या 'कनीनिका'चे अर्थही हेच दोन : छोटी मुलगी आणि डोळ्याची बाहुली.

मूळ शब्दाच्या शेवटी असा तुकडा जोडायचा, की 'लहान', 'लाडका' किंवा 'फालतू' अशी छटा त्या शब्दावर चढते. हाच लघुत्वदर्शक प्रत्यय. मराठीत आपण 'चिमुकला', 'छकुली', 'कारकुंडा' म्हणतो तेव्हा हेच करत असतो, फक्त त्याला व्याकरणाचं नाव देत नाही.

असे प्रत्यय किती आहेत?

तसं पाहिलं तर एकच, ल-काराचा. त्याची रूपं मात्र पाच दिसतात : -उलुस, -ओलुस, -कुलुस, -एल्लुस आणि -इल्लुस. ही पुल्लिंगी रूपं झाली. स्त्रीलिंगात शेवट -ला होतो आणि नपुंसकलिंगात -लुम.

कोणत्या शब्दाला कोणतं रूप लागतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधी शब्दाचं प्रातिपदिक शोधा, म्हणजे ज्याला प्रत्यय जोडायचा ते मूळ अंग. लॅटिन कोशात नामाच्या शेजारी षष्ठीचं रूप दिलेलं असतं, ते त्यासाठीच. 'रेक्स' म्हणजे राजा, षष्ठी 'रेगिस'. प्रत्यय लागतो तो 'रेग्' या अंगाला, म्हणून 'रेगुलुस', छोटा राजा. नुसतं 'रेक्स' पाठ करणारे इथेच अडकतात.

लॅटिन नामं कशी चालतात त्यावरून त्यांचे पाच गट पडतात, त्यांना गण म्हणू. पहिल्या दोन गणांतले साधे शब्द -उलुस घेतात. 'रीवुस' (ओढा) वरून 'रीवुलुस', 'फोर्मा' (आकार) वरून 'फोर्मुला'. आपला 'फॉर्म्युला' म्हणजे मुळात छोटा साचा. अंगाच्या शेवटी क् किंवा ग् असेल तरी हेच रूप लागतं : 'वोक्स'चं अंग 'वोक्', म्हणून 'वोकुला', बारीक आवाज.

शेवटच्या स्वराआधी इ किंवा ए असेल तर उ चा ओ होतो. 'फीलिउस' (मुलगा) वरून 'फीलिओलुस'. 'ग्लादिउस' म्हणजे रोमन शिपायाची आखूड तलवार आणि 'ग्लादिओलुस' म्हणजे छोटी तलवार. फुलवाल्याकडून ग्लॅडिओलसची जुडी घेताना फुलांकडे नको, पानांकडे बघा, म्हणजे नाव का पडलं ते कळेल.

तिसऱ्या गणातले बाकीचे शब्द आणि चौथा-पाचवा गण -कुलुस घेतात. 'फ्लोस' (फूल) : 'फ्लोस्कुलुस'. 'कोर्पुस' (शरीर) : 'कोर्पुस्कुलुम'. 'नाविस' (जहाज) : 'नाविकुला'. 'वेर्सुस' (ओळ) : 'वेर्सिकुलुस'. अंग न-कारान्त असेल तर मध्ये 'उन्' दिसतं : 'होमो' (माणूस) वरून 'होमुन्कुलुस'. 'क्वाएस्तिओ' म्हणजे प्रश्न, त्यावरून 'क्वाएस्तिउन्कुला', बारीकसा प्रश्न. म्हणजे हे सगळं पान क्वाएस्तिउन्कुलांचंच आहे.

नियमाला अपवाद आहेत. पण इतकं ध्यानात ठेवलं तर दहापैकी बरेच शब्द आपसूक सुटतात.

-एल्लुस आणि -इल्लुस मधला जोड-ल कुठून आला?

संधीतून. 'तत् + लीन' चं 'तल्लीन' कसं होतं ते शाळेत शिकलात ना? शेजारच्या व्यंजनाला ल आपल्यासारखा करून घेतो. लॅटिनमध्येही तेच घडलं. 'आगेर' म्हणजे शेत, अंग 'आग्र्'. त्याला ल जोडल्यावर मधला स्वर गळाला, उच्चार 'आगेर्लोस' असा काहीसा झाला, मग र चा ल झाला आणि 'आगेल्लुस' हाती आलं. 'लिबेर' (पुस्तक) वरून 'लिबेल्लुस' असंच बनलं. पुस्तिका, अर्ज, मग बदनामीचं पत्रक असा प्रवास करत ते इंग्रजीत 'लायबेल' होऊन बसलं.

न च्या बाबतीतही हेच. माझं आवडतं उदाहरण 'कोरोना'. त्याचा अर्थ मुकुट. 'कोरोना + ला' मध्ये न विरघळला आणि 'कोरोल्ला' झालं, छोटा मुकुट. फुलाच्या पाकळ्यांच्या समूहाला, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या दलपुंजाला, तेच नाव मिळालं. विषाणूचं नाव आणि फुलाच्या पाकळ्यांचं नाव एकाच घरातलं आहे, हे वर्गात सांगितलं की मुलं क्षणभर गप्प होतात.

प्रत्यय लागल्यावर लिंग बदलतं का?

नाही. मराठी माणसाचा पाय घसरतो तो इथेच. आपल्याकडे लहानपण दाखवायला लिंग बदलणं हाच राजमार्ग आहे : डबा-डबी, सुरा-सुरी, दोर-दोरी, हातोडा-हातोडी. मोठं ते पुल्लिंगी आणि छोटं ते स्त्रीलिंगी. लॅटिनमध्ये हातोडा 'माल्लेउस' पुल्लिंगी, आणि हातोडी 'माल्लेओलुस' तीही पुल्लिंगीच. (घोट्याशी जे हाड टोचल्यासारखं वर आलेलं असतं, त्याला वैद्यकात आजही मॅलिओलस म्हणतात.) 'केरेब्रुम' (मेंदू) नपुंसकलिंगी, म्हणून 'केरेबेल्लुम', म्हणजे लहान मेंदू, तोही नपुंसकलिंगी.

एक प्रसिद्ध अपवाद सांगतो. 'राना' (बेडूक) स्त्रीलिंगी, पण छोटा बेडूक 'रानुन्कुलुस' पुल्लिंगी. हेच नाव ओलसर जागी वाढणाऱ्या एका फुलझाडालाही आहे.

प्रत्ययाचा अर्थ नेहमी 'लहान' असाच घ्यायचा का?

तसा घेतलात तर अर्धं लॅटिन साहित्य हातातून निसटेल.

रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो पत्रांत आपल्या मुलीला, तुल्लियाला, 'तुल्लिओला' म्हणतो. ती संसारी बाई झाल्यावरही म्हणतो. यात आकाराचा काही संबंध नाही, बापाची माया आहे. इ.स.पू. ४५ मध्ये ती वारली. तेव्हा सेर्वियुस सुल्पिकियुस या मित्रानं सिसेरोला सांत्वनाचं पत्र लिहिलं. एवढी शहरं उद्ध्वस्त झाली, एवढी मोठी माणसं गेली, मग एका 'मुलिएर्कुला'च्या 'आनिमुला'साठी इतका शोक का, असा त्याचा सूर आहे. म्हणजे एका बापड्या बाईच्या इवल्याशा जिवासाठी. हेतू समजूत घालण्याचा होता, पण दोन प्रत्ययांनी ती मुलगी किती क्षुल्लक करून टाकली बघा. मला तरी ते वाक्य वाचताना दर वेळी सिसेरोची दया येते.

काटुल्लुस या रोमन कवीच्या चिमणीवरच्या कवितेत उलट होतं. चिमणी मेली आहे आणि प्रेयसी रडते आहे. शेवटच्या तीन ओळींत 'मिसेल्ले' (बिचाऱ्या), 'तुर्गिदुली' (सुजलेले बिचारे) आणि 'ओकेल्ली' (डोळुले) असे शब्द एकामागून एक येतात. 'पुएल्ला' (मुलगी) हाही मुळात लघुत्वदर्शकच. कवी खरंच हळवा झालाय की थोडी थट्टा करतोय, हे ठरवणं वाचकावर सोडलेलं आहे.

तुच्छता हवी असेल तर 'ग्राएकुलुस'. शब्दशः छोटा ग्रीक. रोमन तोंडात मात्र त्याचा अर्थ 'तो ग्रीकडा' असाच. आपल्या 'कारकुंडा', 'भटुरडा' यांच्या पंगतीला हा खुशाल बसेल.

इ.स. १३८ मध्ये वारलेला सम्राट हाद्रियान याच्या नावावर मृत्युसमयीची एक कविता सांगतात. पहिली ओळ : 'आनिमुला वागुला ब्लान्दुला'. जीव, भटका, लाडिक, तिन्ही शब्द लघुरूपात. चौथ्या ओळीत आणखी दोन. पाच ओळींत पाच लघुत्वदर्शक! साम्राज्याचा धनी आपल्या जिवाशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलतो आहे. 'हे माझ्या इवल्या, भटक्या, लाडक्या जिवा' असं मराठी केलं तर अर्थ पोचतो, पण ल-ल-ल चा तो झोका हरवतोच.

म्हणजे हे प्रत्यय विशेषणांनाही लागतात?

हो, वरच्या दोन कवितांतली उदाहरणं बहुतेक विशेषणंच आहेत. 'पार्वुस' (लहान) वरून 'पार्वुलुस' (इवलासा). तुलनेच्या रूपालाही लागतात : 'माइउस्कुलुस' म्हणजे जरासा मोठा आणि 'मिनुस्कुलुस' म्हणजे जरासा लहान. अक्षरांच्या दोन प्रकारांना, मॅजस्क्यूल (मोठी अक्षरं) आणि मिनस्क्यूल (छोटी अक्षरं) यांना, नावं तिथूनच मिळाली. महाकाव्यात असे शब्द फारसे चालत नसत, ते घरगुती वाटत. म्हणूनच व्हर्जिलच्या महाकाव्यातली राणी दीदो, प्रियकर एनियस तिला सोडून निघाल्यावर, जेव्हा 'अंगणात खेळायला एखादा पार्वुलुस एनियस तरी असता' म्हणते, तेव्हा तो एक शब्द काळजात रुततो.

शरीराच्या भागांच्या नावांत हे प्रत्यय इतके का?

कारण शरीरात जे दिसलं, त्याला घरातल्या ओळखीच्या वस्तूचं लघुरूप देऊन मोकळं होणं सोपं होतं. 'क्लाविस' म्हणजे किल्ली, 'क्लाविकुला' म्हणजे गळ्याखालचं वाकडं हाड. 'ऊवा' म्हणजे द्राक्ष, 'ऊवुला' म्हणजे घशात लोंबणारी पडजीभ. आपल्याला तिथे जीभ दिसली, त्यांना द्राक्ष. 'आउरिस' म्हणजे कान, 'आउरिकुला' म्हणजे इवला कान.

सगळ्यात मजेदार आहे स्नायूचं नाव. 'मूस' म्हणजे उंदीर, संस्कृत 'मूष' त्याचा सख्खा भाऊ. 'मूस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी पळाल्यासारखं होतं, त्यावरून. आता लहानपण आठवा. मामा दंड दुमडायचा आणि म्हणायचा, 'बघ बेटकुळी!' बेटकुळी म्हणजे बेडकुळी, छोटी बेडकी. रोमन पोरांच्या दंडात उंदीर पळायचा, आपल्या दंडात बेडकी फुगते. प्राणी बदलला, पण प्राण्याचं लघुरूप करायची खोड तीच. संस्कृतातला 'मुष्क' (अंडकोश) हाही 'मूष' वरूनच, अर्थ छोटा उंदीर. तिथे उंदीर जरा खाली सरकला, एवढंच.

सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'रीनल कॅल्क्युलस' वाचून कुणाला गणिताची भीती वाटली असेल तर ती सोडा. 'काल्क्स' म्हणजे चुनखडी, 'काल्कुलुस' म्हणजे खडा. रोमन लोक खडे मांडून हिशोब करत, म्हणून गणितात 'कॅल्क्युलेशन' आलं. डॉक्टरांचा कॅल्क्युलस मात्र साधा मुतखडा. मराठीनंही तिथे खडाच पाहिला.

क्षयाच्या जंतूचं नाव तर दोन लघुत्वदर्शकांचं आहे. 'तूबेर्कुलुम' म्हणजे छोटी गाठ, 'बाकिल्लुम' म्हणजे छोटी काठी. रॉबर्ट कॉख यानं १८८२ मध्ये जाहीर केलेला ट्यूबर्कल बॅसिलस म्हणजे गाठुलीतली काठुली.

लघुरूपाचं आणखी लघुरूप होतं का?

होतं. 'किस्ता' म्हणजे पेटी, मग 'किस्तुला', मग 'किस्तेल्ला', मग 'किस्तेल्लुला'. एकात एक बसणारे डबे असतात ना, तसं.

रोजच्या वापरातलं उदाहरण म्हणजे पेन्सिल. 'पेनिस' या शब्दाचा मूळ अर्थ शेपूट. 'पेनिकुलुस' म्हणजे छोटी शेपटी, म्हणजेच कुंचला. त्याहून बारीक तो 'पेनिकिल्लुस', चित्रकाराचा ब्रश. फ्रेंचमार्गे त्याची पेन्सिल झाली. ज्या बुरशीचे तंतू ब्रशसारखे दिसतात ती पेनिसिलियम, आणि १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना तिच्यात सापडलं ते पेनिसिलीन. पेन मात्र या घरचं नाही. ते 'पेन्ना' (पीस) वरून आलं. एकाच कंपासपेटीत राहूनही पेन आणि पेन्सिल एकमेकांचे कुणी नाहीत.

शेवटी -कुलुम दिसलं की लघुत्वदर्शक समजायचं का?

मुळीच नाही. परीक्षेत इथेच मार्क जातात.

'वेहिकुलुम' (वाहन), 'स्पेक्ताकुलुम' (तमाशा), 'कुर्रिकुलुम' (धाव, शर्यत) आणि 'पोकुलुम' (पेला) यांतलं -कुलुम साधन किंवा जागा दाखवतं आणि ते धातूला लागलेलं आहे. वाहण्याचं साधन ते वाहन, पिण्याचं साधन तो पेला. तेव्हा प्रत्यय काढून टाका आणि उरतं काय ते बघा. नाम उरलं तर लघुत्वदर्शक असण्याची शक्यता आहे, क्रियापद उरलं तर नाही. 'ओस्कुलुम' मध्ये 'ओस' (तोंड) उरतं, म्हणून छोटंसं तोंड, म्हणजे चुंबन. 'पोकुलुम' मध्ये 'पिणे' उरतं, म्हणून पेला. दिसायला जुळे, नातं शून्य.

'क्रेदुलुस' (भोळा), 'गार्रुलुस' (बडबड्या) हेही क्रियापदावरून आलेले. आणि 'पोपुलुस' (लोक), 'ताबुला' (फळी) यांच्यात ल दिसत असला तरी ते लघुत्वदर्शक नाहीत.

उच्चारात जोर कुठे द्यायचा?

-उलुस, -ओलुस, -कुलुस मध्ये उपान्त्य (शेवटून दुसरा) स्वर ऱ्हस्व आहे, म्हणून जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर : 'रे'गुलुस. जोडाक्षरवाल्या रूपांत तो शेवटून दुसऱ्यावर : लि'बेल्'लुस.

फ्रेंच-इटालियनमध्ये हे प्रत्यय टिकले का?

टिकले, पण गमतीशीर तऱ्हेनं. बोलीभाषेत लोक लघुरूपंच इतकी वापरू लागले की मूळ शब्द मागे पडले. 'आउरिस' गेला, 'आउरिकुला' उरली. तिचंच फ्रेंचमध्ये 'ओरेय', इटालियनमध्ये 'ओरेक्क्यो', पोर्तुगीजमध्ये 'ओरेल्य'. अर्थ इवला कान नाही, नुसता कान. उत्तरकालीन लॅटिनमध्ये कुणा मास्तरानं केलेली एक शुद्ध-अशुद्ध शब्दांची यादी उपलब्ध आहे. 'आउरिस म्हणा, ओरिक्ला म्हणू नका' असं त्यात बजावलं आहे. मास्तर हरले. इटालियनमधले 'फ्रातेल्लो' (भाऊ) आणि 'सोरेल्ला' (बहीण) हेही मूळचे लाडाचेच शब्द.

याच वाटेनं आलेला एक शब्द आपल्या सोसायटीत दिवसातून पन्नासदा ऐकू येतो : 'अंकल'. 'आवुस' म्हणजे आजोबा, 'आवुन्कुलुस' म्हणजे छोटे आजोबा. तो आईचा भाऊ, म्हणजे मामा. काकासाठी लॅटिनमध्ये 'पात्रुउस' हा वेगळा शब्द होता, तो इंग्रजीपर्यंत पोचलाच नाही. तेव्हा व्युत्पत्तीचं ऐकायचं तर वॉचमनपासून वडिलांच्या मित्रापर्यंत सगळे मामाच.

कॅलिगुला हे नाव असंच का?

होय. 'कालिगा' म्हणजे शिपायाचा जाड बूट. रोमन सेनापती जेर्मानिकुस याचा छोटा मुलगा ऱ्हाइनकाठच्या छावणीत शिपायांच्या वेशात फिरायचा, म्हणून शिपायांनी नाव ठेवलं 'कालिगुला', बुटुकल्या. इ.स. ३७ ते ४१ तो सम्राट होता. खरं नाव गायुस, पण लक्षात राहिलं ते टोपणनावच. इ.स. ४७६ मध्ये पदच्युत झालेला पश्चिमेचा पोरसवदा सम्राट रोमुलुस आउगुस्तुस, त्याला लोकांनी 'आउगुस्तुलुस' करून टाकलं. तिथे मात्र लाड नव्हता.

वनस्पतींच्या आणि ताऱ्यांच्या नावांत कसे ओळखायचे?

साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस 'सीतेची आसवं' फुलतात. त्यांच्या वंशाचं (जीनसचं) शास्त्रीय नाव युट्रिक्युलारिया. 'ऊतेर' म्हणजे कातडी पखाल, 'ऊत्रिकुलुस' म्हणजे छोटी पखाल. हे झाड कीटकभक्षी आहे. त्याला इवल्या पिशव्या असतात आणि त्यांत बारीक जीव ओढले जातात. आपण फूल पाहिलं आणि सीता आठवली. नाव देणाऱ्यांनी खाली वाकून पखाली पाहिल्या.

आकाशात 'रेगुलुस' म्हणजे आपल्या मघा नक्षत्रातला ठळक तारा. 'कापेल्ला' (छोटी शेळी) म्हणजे ब्रह्महृदय. व्याधाला रोमन 'कानिकुला' म्हणत, म्हणजे कुत्री, तीही छोटी. आपल्याकडे तो शिकारी आहे.

संस्कृत-मराठीशी काही नातं आहे का?

आहे, पण जपून. लॅटिन -कुलुस मध्ये क आणि ल असे दोन जुने तुकडे आहेत. त्यातला क आणि संस्कृतातला 'पुत्रक', 'बालक' मधला क एकाच मुळातून आले. पाणिनीनं या क चे अर्थ सांगितले आहेत ते वाचण्यासारखे : 'कुत्सिते', 'अनुकम्पायाम्', 'अल्पे', 'ह्रस्वे'. तुच्छ, दयेचं, थोडं, आखूड. ग्राएकुलुस, मिसेल्ले, मिनुस्कुलुस, सगळे या चार सूत्रांत बसतात!

'चिमुकला' मधलं -उकला आणि -कुलुस यांचा सूर जुळतो म्हणून थेट नातं जोडणारे मात्र भेटत राहतात. नुसता आवाज जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

मराठी घरात एखादं लॅटिन लघुरूप सापडेल का?

'चावी' हा शब्द पोर्तुगीज 'शाव्ह' वरून आला आणि तो लॅटिन 'क्लाविस' वरून. म्हणजे गळ्याखालचं हाड आणि खिशातली चावी एका घरच्या. पण ते लघुरूप नव्हे. लघुरूप हवं तर बांधकामावर जा. 'कामेल्ला' हा रोमन पेला, आणि कोशकार तो 'कामेरा' (घुमट) या शब्दाचं लघुरूप मानतात. पोर्तुगीजमध्ये त्याची 'गामेला' झाली, लाकडी परात. पोर्तुगीजांबरोबर ती इकडे आली आणि तिचं झालं घमेलं. पेला म्हणून निघालेली ही इवलीशी चीज आता वाळूनं भरून बाईच्या डोक्यावरच्या चुंबळीवर बसून तिसऱ्या मजल्यावर चढते.